वाचकांचे प्रश्न : सत्तर मिनिटं आणि कल्याणची सीट

मागच्या अंकात लिहिलं होतं की प्रोजेक्ट, प्रबंध, सर्व्हे, काहीही करत असाल आणि कुठे अडलं असेल तर पाठवा. आले की मग धडाधड मेसेज, काही तर रात्री दीड वाजता पाठवलेले, त्यावरूनच कळतं सबमिशन किती जवळ आलंय. बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होते, म्हणजे गोळा केलेल्या माहितीचं आता करायचं काय, म्हणून या वेळी तेवढेच घेतलेत. नावं छापत नाही, गाईड लोकही हे मासिक वाचतात.

प्रश्न, डोंबिवलीहून : ताई, मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय आहे लोकलने नोकरीला जाणाऱ्या बायकांचा रोजचा प्रवास. लेडीज डब्यातच साठ फॉर्म भरून घेतले, पंधरा प्रश्न टिक करायचे आणि शेवटी दोन प्रश्न मोकळे ठेवले होते, म्हणजे मनात येईल ते लिहा असे. आता सर म्हणतात तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट लिही, संशोधन गुणात्मक की संख्यात्मक. फॉर्म भरून घेतले म्हणजे संख्यात्मकच ना? मग त्या शेवटच्या दोन प्रश्नांचं काय करू, काढून टाकू का?

उत्तर : अगं काढू नकोस, तेच तर सोनं आहे. फॉर्म भरला की संख्यात्मक आणि गप्पा मारल्या की गुणात्मक, हा घोळ खूप जणांचा होतो. माहिती कशी गोळा केली ही एक गोष्ट आणि तिचं विश्लेषण कसं करणार ही दुसरी, आणि सर विचारतायत ते मुख्यतः दुसऱ्याबद्दल. मोजणार, टक्के काढणार, दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे की खरा ते तपासणार, तर संख्यात्मक. लोक जे बोलले, लिहिले ते वाचून त्यातले अर्थ, कारणं, तऱ्हा शोधणार, तर गुणात्मक. दोन्ही करून एकमेकांना जोडणार, तर मिश्र. एवढंच आहे, बाकी पुस्तकात यावर चाळीस पानं असतात.

आता हातात घेऊन बघू. समज तुझ्या साठातल्या दोघी, दोघी डोंबिवलीच्याच, दोघींचं ऑफिस फोर्टात. "जायला किती वेळ लागतो" यावर एकीने लिहिलंय 80 मिनिटं, दुसरीने 110. एक्सेलमध्ये दोन आकडे एकाखाली एक गेले, सरासरी 95, पुढे चला. पण मोकळ्या प्रश्नात त्या दुसरीने लिहिलंय, "आधी कल्याणला उलटी जाते मग तिथून बसून येते, गुडघे दुखतात." म्हणजे ती जास्तीची तीस मिनिटं गाडी उशिरा येते म्हणून नाहीत, ती तिने स्वतः मोजून दिलीत, सीटची किंमत म्हणून. आकड्यांत ती जास्त वेळ वाया जाणारी बाई दिसते, शब्दांत वाचलं तर वेळ देऊन आराम विकत घेणारी. उदाहरण मी बनवलंय, पण तुझ्या गठ्ठ्यात अशी एखादी निघणारच, उलटं जाऊन बसून येणं डोंबिवलीकरांना काय नवीन आहे.

आणि याच्या उलटही होतं बरं का. तीच मोकळी उत्तरं घेऊन तू मोजलंस की साठपैकी किती जणींनी सीटचा विषय काढला, किती जणींनी धक्काबुक्कीचा, किती जणींनी डब्यातल्या मैत्रिणींचा, तर त्याच शब्दांचं संख्यात्मक विश्लेषण झालं, त्याला आशय विश्लेषण म्हणतात. डेटाच्या कपाळावर शिक्का मारलेला नसतो, शिक्का तू मारतेस, पुढे काय करायचं ठरवून.

आता पंधरा प्रश्नांबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण इथेच व्हायव्हाला पकडतात. एक म्हणजे सरासरीच्या भरवशावर राहू नकोस. दहा जणी घे, नऊ जणींना 70 मिनिटं लागतात आणि एक कसाऱ्याहून येते तिला 170. सरासरी आली 80. त्या दहा जणींत 80 मिनिटं लागणारी एकही बाई नाही! मध्यक काढ, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येतो तो, तो 70 येतो, खऱ्या परिस्थितीच्या तो जवळ आहे. दुसरं, तुझे साठ फॉर्म तू ज्या गाडीने जातेस त्याच गाडीत, त्याच वेळेला, बहुतेक त्याच डब्यात भरून घेतलेत ना? मग "मुंबईतील नोकरदार स्त्रिया" असं निष्कर्षात लिहू नकोस प्लीज. टक्के दाखव, तक्ते दाखव, वर्णन कर, त्याला वर्णनात्मक सांख्यिकी म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही. साठांवरून लाखोंबद्दल अनुमान काढायचं तर ते साठ रँडम पद्धतीने निवडलेले लागतात. आपल्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था जो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे करते त्याच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, सहा लाखांहून जास्त घरं होती आणि ती घरं कोणीतरी ओळखीची म्हणून निवडली नव्हती, पद्धत ठरवून निवडली होती, म्हणून त्यांना राज्याबद्दल, जिल्ह्याबद्दल बोलता येतं.

आणि हो, वय आणि प्रवासाचा वेळ यांचा एकमेकांशी संबंध आहे का हे बघायला सर काय-स्क्वेअर चाचणी लाव म्हणाले तर आधी तक्त्यातली घरं मोज. वयाचे चार गट आणि प्रवासाच्या वेळेचे तीन म्हणजे तक्त्यात बारा घरं, साठ बायका बारा घरांत म्हणजे सरासरी पाच पाच आणि त्यातल्या काही घरांत एक नाहीतर दोन. या चाचणीत अपेक्षित संख्या, म्हणजे दोन गोष्टींचा काही संबंधच नसता तर त्या घरात जितक्या बायका आल्या असत्या ती, पाचच्या खाली जायला लागली की उत्तर डगमगतं. वयाचे दोनच गट कर, चाळिशीच्या आतल्या आणि पुढच्या, जरा श्वास घेता येईल.

तिसऱ्या प्रकरणात लिही : पंधरा बंद प्रश्नांचं संख्यात्मक वर्णनात्मक विश्लेषण, दोन मुक्त प्रश्नांचं गुणात्मक विश्लेषण, आणि आकड्यांत जे दिसलं त्याचं कारण शब्दांत शोधलं म्हणून एकंदर मिश्र. पण तसं खरंच केलंस तरच लिही.

प्रश्न, कुर्ल्याहून : एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावू का? फी बरीच आहे. सगळे म्हणतात त्याशिवाय पीएचडी होत नाही.

उत्तर : नको लावूस, निदान आत्ता तरी. प्रश्न काय आहे ते ठरलं नसेल तर सॉफ्टवेअर काय करणार, ते तुम्ही द्याल त्याची सरासरी काढून देतं, पिनकोडची पण. पिनकोडची सरासरी काढलेला प्रबंध मी डोळ्यांनी पाहिलाय. पैसे वाचवायचे असतील तर 'आर' नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, 'जास्प' फुकट आहे, शंभर फॉर्मसाठी एक्सेलही पुरतं. त्यापेक्षा कोडबुक आधी लिहा, कुठल्या उत्तराला कुठला नंबर. माझं स्वतःचं सांगते, पहिल्याच सर्व्हेला मी आणि मैत्रीण रात्री बसून एन्ट्री करत होतो, मी 'हो'ला 1 आणि 'नाही'ला 2 देत होते आणि ती बाई बरोबर उलटं, अर्धे फॉर्म माझे अर्धे तिचे. निकाल प्रत्येक प्रश्नावर जवळजवळ निम्मे निम्मे. आम्ही आठवडाभर "समाजात या प्रश्नावर तीव्र मतभेद आहेत" असं लिहीत बसलो होतो.

प्रश्न, विक्रोळीहून : मी शाळेत शिक्षिका आहे आणि एमएडसाठी कृती संशोधन करतेय. आठवीच्या माझ्या वर्गातल्या 40 मुलांकडून 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच पायऱ्यांची मापनी भरून घेतली, पूर्ण सहमतला 5 आणि पूर्ण असहमतला 1. "गटात शिकायला आवडतं" याची सरासरी 3.7 आली. याचा अर्थ मुलांना आवडतं असा घ्यायचा का?

उत्तर : मॅडम, 3.7 म्हणजे नक्की किती आवडणं हो? ही मापनी लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये आणली, तेव्हापासून लोक तिची सरासरी काढतायत आणि तेव्हापासूनच इतर लोक त्यावर भांडतायत. भांडण असं की सहमत आणि पूर्ण सहमत यातलं अंतर आणि तटस्थ आणि सहमत यातलं अंतर सारखं आहे हे कोणी ठरवलं? पहिला, दुसरा, तिसरा नंबर असतात ना शर्यतीत तसं आहे हे, क्रम कळतो पण कोण किती पुढे ते कळत नाही. स्टीव्हन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1946 मध्ये मोजमापाच्या चार पातळ्या सांगितल्या, नामिक, क्रमिक, अंतराल आणि गुणोत्तर, त्यात एकेकटं विधान क्रमिकमध्ये, म्हणजे फक्त क्रम सांगणाऱ्या पातळीत बसतं. दहाबारा विधानांची मिळून बेरीज केली तर सरासरी बरेच जण चालवून घेतात, मीही घेते, पण एका विधानाची नको. 40 पैकी 20 मुलांनी 1 आणि 20 मुलांनी 5 दिलं तरी सरासरी 3, आणि चाळीसच्या चाळीस जणांनी 3 दिलं तरी 3. पहिल्या वर्गात भांडण आहे, दुसऱ्या वर्गात झोप. तेव्हा सरासरीऐवजी कुठल्या पायरीवर किती मुलं ते दाखवा, साधा स्तंभालेख काढा.

एक आगाऊपणाचं विचारू का, फॉर्म वर्गात तुम्हीच वाटलात का आणि वर नाव लिहायला सांगितलंत का? मग वर्गशिक्षिकेसमोर कुठलं कार्टं लिहिणार की मला नाही आवडत. ही गोष्ट कुठल्याही चाचणीत पकडली जात नाही. पाच-सहा मुलांशी मधल्या सुट्टीत दुसऱ्या कोणालातरी गप्पा मारायला सांगा, आणि गटात नेमकं काम कोण करतं एवढंच विचारायला सांगा.

प्रश्न, गिरगावातून : मी निवृत्त बँक अधिकारी, वय 74. माझी नात दहा-बारा कोळणींशी गप्पा मारून येते, ते लिहून काढते आणि त्याला संशोधन म्हणते. आमच्या काळी आकडेवारी नसली तर त्याला ललित लेख म्हणत. आकडे खोटं बोलत नाहीत. यात शास्त्र कुठे आहे?

उत्तर : काका, नमस्कार. आधी आकड्यांचं. अँस्कोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने 1973 मध्ये आकड्यांचे चार संच दाखवले, प्रत्येकात अकरा बिंदू, चारही संचांची सरासरी, विचलन (आकडे किती पसरलेत), सहसंबंध (एक वाढलं की दुसरं किती वाढतं) जवळपास अगदी सारखे, कागदावर बघाल तर चौघे जुळे भाऊ. आलेख काढला की एक सरळ रेषेसारखा, एक कमानीसारखा, एकात एकच बिंदू सगळं ओढून नेतोय आणि एकात सगळे एकावर एक उभे आणि एक लांब जाऊन बसलेला. आकडे खोटं बोलले नाहीत हे खरं, पण सगळं सांगितलंही नाही.

आता नातीचं. दहा जणींशी बोलून जर ती म्हणत असेल की मुंबईतल्या इतक्या टक्के कोळणी कर्जात आहेत, तर कान धरा तिचा, मी सांगितलंय म्हणून सांगा. पण ती जर विचारत असेल की पहाटे ससून डॉकवर लिलावात भाव कसा ठरतो, कोणाला उधारी मिळते आणि कोणाला नाही, नवऱ्याची बोट बंद झाल्यावर बाई काय करते, तर हे दहा हजार फॉर्म भरूनही कळणार नाही, कारण फॉर्ममध्ये काय विचारायचं हेच आधी माहीत नाही.

आणि शास्त्र आहे हो त्यात, फक्त घाम वेगळ्या जागी गळतो. मुलाखत शब्दन् शब्द उतरवायची, एका तासाच्या मुलाखतीला सहज पाच-सहा तास जातात. मग ओळीओळीला कोड द्यायचे, म्हणजे त्या ओळीत काय सांगितलंय त्याचं एकदोन शब्दांचं नाव. समजा एक मावशी म्हणाली, "पोरगी शिकली, आता ती टोपलीला हात लावत नाय, आनि मी बी लावू देत नाय." या एका वाक्यात तीन कोड बसतात, शिक्षण, धंदा पुढे न जाणं, आणि तिसरा सगळ्यात मोलाचा, की धंदा पुढे जाऊ नये ही आईचीच इच्छा. पुढच्या मुलाखतींत हा तिसरा पुन्हा येतो का, कोणी याच्या अगदी उलट बोलतं का, हे मुद्दाम शोधायचं, उलट बोलणारी सापडली तर तिला लपवायचं नाही. नवीन मुलाखतीतून नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं, त्याला संपृक्तता म्हणतात, म्हणून कधी बारा पुरतात आणि कधी तीस पुरत नाहीत. शिवाय तोच मजकूर दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्यायचा आणि दोघांचं किती जुळतं ते मोजायचं, त्यासाठी 1960 पासून कोहेनचा कॅपा नावाचा गुणांक आहे. म्हणजे बघा, शब्दवाले सुद्धा शेवटी आकड्याकडे येतात. तुम्ही नातीला एवढंच विचारा, तुझे कोड मला दाखव. दाखवता आले नाहीत तर मात्र ललित लेख.

आपल्याकडचंच उदाहरण देते, इरावती कर्वे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या, पुढे बर्लिनला मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएचडीला गेल्या. तिथे काम काय, तर माणसांच्या कवट्या मोजायच्या, शुद्ध आकडेमोड, आणि गाईडला हवं होतं की गोऱ्या लोकांची कवटी वेगळी आहे हे त्यातून निघावं. बाईंनी मोजलं आणि तसं काही निघत नाही असं गाईडच्या तोंडावर लिहून दिलं. पुढे त्याच बाई पंढरीच्या वारीत पायी चालल्या, कोण कोणाबरोबर चालतं, कोण कोणाबरोबर जेवत नाही ते पाहिलं आणि त्यावर लिहिलं, तिथे फूटपट्टीचं काही कामच नव्हतं. एकाच माणसाने दोन्ही केलं, कारण दोन्हीकडे प्रश्न वेगळे होते.

प्रश्न, मुलुंडहून : आमच्याकडे सगळे म्हणतात मिश्र पद्धत घे, सेफ असते, कोणी नावं ठेवत नाही. घेऊ का?

उत्तर : सेफ? दुप्पट काम आहे ते. शंभर फॉर्म आणि वर पाच मुलाखती, दोन वेगळ्या प्रकरणांत टाकल्या आणि दोघांची भेटच झाली नाही तर ते मिश्र नाही, ते शेजारी शेजारी राहणारे दोन भाडेकरू.

भेट कशी होते ते सांगते. 1854, लंडनच्या सोहो भागात कॉलरा, सहाशेच्या वर माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी कोणत्या घरात किती मृत्यू ते मोजून नकाशावर मांडले, ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती गर्दी दिसली, म्हणजे रोग त्या पाण्यातून पसरतोय असं त्यांचं म्हणणं. हा झाला आकड्यांचा भाग. पण काही घरं हिशोबात बसेनात. पंपाच्या शेजारी बिअरचा कारखाना, तिथे कामगार धडधाकट. आणि लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा म्हातारी मात्र गेली, जिथे दुसरं कोणी आजारी नाही. इथे तक्ता थांबतो, इथे जाऊन विचारावं लागतं. कारखान्याच्या मालकाने सांगितलं, आमची माणसं बिअर पितात, पंपावर जातच नाहीत. म्हातारीच्या मुलाने सांगितलं, आई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची, तिला तिथल्या पाण्याची चव आवडायची म्हणून रोज बाटली मागवायची. नंतर व्हाइटहेड नावाचे तिथले पाद्री, ज्यांना स्नोंचं म्हणणं मुळीच पटलं नव्हतं आणि ते खोडायलाच निघाले होते, ते घरोघर फिरले, आणि त्यांना एक आई सापडली जिने आजारी तान्ह्या बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी पंपाजवळच्या खड्ड्यात ओतलं होतं. तिथून सुरुवात.

तर तुमच्या आकड्यांत न बसणारी माणसं कोण ते शोधा आणि मुलाखती त्यांच्याच घ्या. पहिल्या पाच जणी 'हो' म्हणाल्या म्हणून त्यांच्याच घेतल्या, असं नको.

प्रश्न, दादरहून : माझ्या मुलाखती मराठीत आहेत, घरकाम करणाऱ्या बायकांच्या. प्रबंध इंग्रजीत लिहायचाय. आधी सगळं इंग्रजीत भाषांतर करून मग कोड करू का, की मराठीतच? ॲपने भाषांतर पटकन होतं.

उत्तर : मराठीत, मराठीत, मराठीत. कोडची नावं हवी तर इंग्रजी ठेव, पण वाचायचं मूळ. मी एकदा एकाच विषयावरच्या मुलाखतींत तीन वाक्यं बघितली होती, एक बाई म्हणाली "मी सांभाळून घेते", दुसरी म्हणाली "मी चालवून घेते", तिसरी म्हणाली "सोसायचं झालं". भाषांतरात तिन्ही ठिकाणी एकच शब्द आला होता, ॲडजस्ट. आता बघ, सांभाळून घेणारी स्वतःला मोठी समजते, मालकीण अजून लहान आहे, चुकते, मीच समजून घेते असा भाव. चालवून घेणारीला पटलेलं नाहीये, ती हिशोब लिहून ठेवतेय. आणि तिसरीच्या वाक्यात 'मी' नाहीच आहे, कोणी सोसलं तेही ती सांगत नाही. ॲपने तिघींना एका रांगेत उभं केलं आणि कोडिंग करणाऱ्या मुलीने खूश होऊन लिहिलं, तिन्ही मुलाखतींत एकच सूत्र आढळलं.

प्रबंधात उद्धृत करताना मूळ वाक्य देवनागरीत दे आणि खाली इंग्रजी दे, युनिकोडमध्ये टाईप कर नाहीतर प्रिंटला चौकोन येतात. आणि बायकांची नावं बदल, बिल्डिंगचं नाव पण काढ. दादरमध्ये कोणत्या बिल्डिंगमध्ये कोण काम करतं ते सगळ्यांना माहीत असतं.